मी उसवलेल्या ओळी

हे मी आजवर लपवून ठेवलंय. नवऱ्याला माहीत नाही, भावाला माहीत नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीलाही नाही – आणि तिला तर मी सासरच्या कुरबुरीसुद्धा मीठमसाला लावून सांगते. एकाच माणसाला सांगितलं, तेही गेल्या महिन्यात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ जरा सैल सुटतेय. पण सुरुवात कुठून करू? पांघरुणापासूनच करते.

हसाल तुम्ही. मुलुंडला लोकरीचं पांघरूण? पण माझ्या नवऱ्याला एसी अठरावर लागतो. पाच वर्षांपूर्वी तन्वीला, म्हणजे माझ्या मुलीला सांभाळायला आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाल गुंडाळून बसली आणि म्हणाली, जन्म मुंबईत काढला, आता थंडीनं मरणार बहुतेक. दुसऱ्या दिवशी बाजारातून लोकर घेऊन आली. मोहरी रंगाची आणि बाटलीहिरवी. घरातले सगळे सोफ्यावर पाय वर घेऊन एकदम बसतील एवढं मोठं पांघरूण विणायचं तिनं ठरवलं. वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणायच्या आणि शेवटी जोडायच्या. विणकाम ती हॉस्पिटलात आयाबाई असताना ड्यूटीवरच्या एका सिस्टरकडून शिकली होती.

आणि म्हणाली, हे झालं की मी चालले माझ्या घरी.

तिचं घर म्हणजे घाटकोपरची एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबांच्या माघारी तिथे ती एकटी राहायची, आणि मजेत राहायची हो! रविवारी विहारात वंदना, मंडळाच्या बायका, संध्याकाळी जिन्यात बसून गप्पा. आमच्याकडे ती सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. सहा महिने संपत आले होते आणि पट्ट्या भराभर वाढत होत्या. तन्वी तीन वर्षांची. मला अंधेरीच्या ऑफिसात नुकतीच बढती मिळालेली. पट्टी वाढलेली दिसली की मी मनात उरलेले दिवस मोजायचे.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. आई, अजून वर्षभर थांब, एवढंच तर म्हणायचं होतं. मी का नाही बोलले? तेही सांगते, पण आधी जे केलं ते सांगू दे, नाहीतर परत राहून जाईल.

संध्याकाळी मी घरी आले की आई तन्वीला खाली बागेत नेई. पाऊण तास घर रिकामं. एका संध्याकाळी मी तिच्या पिशवीतून विणकाम काढलं, सुई ओढून घेतली आणि धागा ओढला. चार ओळी. मग टाके पुन्हा सुईवर चढवले – हे तिनंच मला आठवीत शिकवलं होतं – आणि लोकर गुंड्यावर गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी सहा ओळी. पुढे जवळजवळ रोज. दोन महिने!

आता विणणाऱ्या कुणालाही विचारा, उसवलेली लोकर सरळ राहत नाही. कुरळी होते. बोटांना लगेच कळते. मला हे माहीत नव्हतं का? होतं. तरी मी गुंडा घट्ट गुंडाळत राहिले.

एक दिवस आई तो कुरळा धागा हातात धरून बसलेली दिसली. कितीतरी वेळ. मग माझं नाव घेऊन म्हणाली, "मित्रा, मीच उसवलंय गं हे. आणि मला आठवतच नाही."

घरात विणकाम येणाऱ्या दोघीच होतो – ती आणि मी. माझ्यावर शंका घ्यावी, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तिनं स्वतःवर घेतली.

त्या दिवशी थांबले मी. उसवायचं थांबले, म्हणजे. पण आईच्या मनात ते बसलं ते बसलंच. गॅस बंद केला का, म्हणून तीन-तीनदा उठायची. दाराला कुलूप लावून दोन जिने उतरायची आणि परत वर यायची. सुया पिशवीत गेल्या त्या गेल्याच. आणि एक दिवस तिनं तन्वीचा हात धरून रस्ता ओलांडायचंही सोडलं. पोरीला मध्येच विसरून गेले तर, म्हणाली. म्हणजे आई राहिली खरी, पण तन्वीसाठी बाई ठेवावीच लागली, आणि ती बाई तन्वीबरोबर आईवरही लक्ष ठेवायची. ज्या बाईनं अख्खा वॉर्ड सांभाळला, तिच्यावर!

याहून वाईट आहे ते अजून पुढेच आहे.

तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर भले होते, त्यांनी मला विचारलं, घरी काय काय विसरतात? आई माझ्या तोंडाकडे बघत होती – तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली असणार होती? आणि मी म्हणाले, "विणलेलं उसवतात आणि विसरून जातात."

आईनं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, एकटं राहू देऊ नका. घरी येऊन तिनं घाटकोपरची किल्ली माझ्या हातात दिली. ती मी घेतली.

पाच वर्षं गेली. रोज वाटायचं, आज सांगू. पण पहिल्या महिन्यात जे सांगायला जड होतं ते पाचव्या वर्षी कसं सांगायचं? गेल्या महिन्यात आई मेथी निवडत बसली होती आणि सहज म्हणाली, ते घर विकून टाकू या, मला काही आता एकटीनं राहणं जमायचं नाही, गिऱ्हाईक तूच बघ. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पट्ट्या, बाग, कुरळी लोकर, डॉक्टर. रडले नाही. रडले असते तर तिनं मलाच जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं.

ती मेथीची जुडी हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

हो, म्हटलं.

"पाच वर्षं ठीक होतं?"

हो.

मला वाटलं आता बोलेल, शिव्या घालेल. मेथी निवडून झाली, तिनं भाजी फोडणीला टाकली. गॅस बंद केला आणि परत बघायला उठली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "थांब म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला माहीत होतं."

माहीत होतं. म्हणूनच विचारलं नव्हतं. तिला नाही म्हणायचा हक्क होता, आणि तोच मला नको होता.

चौथ्या दिवशी ती किल्ली घेऊन घाटकोपरला गेली. आता रविवारी विहारात असते. मंडळाच्या बायकांना घेऊन कुठे कुठे भटकते. फोन केला तर कधी उचलते, कधी नंतर कर म्हणते. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झालाय तिचा, पाच वर्षांपूर्वीचा, जरा चढा. तो ऐकला की मला फार बरं वाटतं. माझ्याशी मात्र ती मोजकंच बोलते.

गेल्या रविवारी तन्वीला घेऊन गेले. आईनं दार उघडलं, तन्वीला आत घेतलं. आज आम्ही दोघी बाजारात जाणार आहोत, म्हणाली, मोठा रस्ता ओलांडून, दोघीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा. सात वाजता ये न्यायला."

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तशीच जिना उतरले.