चढावरची अमेरिकन गाडी

“वहिनी, मोकळं?”

पुढे दुधाचा टँकर किंवा एखादा ट्रॅक्टर आडवा आला की डावीकडून हा प्रश्न यायचा. मग मी मांडीवरची मेथी बाजूला ठेवायची, खिडकीतून मान काढून समोरचा रस्ता पाहायचा आणि सांगायचं, “नाही हो भाऊजी, पांढरी गाडी येतेय.” “बरं,” म्हणून ते पुन्हा टँकरच्या मागे निमूट. खरं सांगू का, मोकळं असलं तरी आम्ही कधी कुणाच्या पुढे गेलोच नाही. तेवढा दमच नव्हता गाडीत. पण विचारायचं मात्र नेहमी.

तुम्ही म्हणाल, गाडी चालवणाऱ्याने शेजारणीला का विचारायचं? तर गाडी होती जुनी, अमेरिकेतून आलेली. लांबलचक, फिकट पिस्त्याच्या रंगाची, आणि स्टिअरिंग डावीकडे. इथे न्यूझीलंडात आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवतात. त्यामुळे भाऊजी बसायचे फुटपाथकडे आणि मी रस्त्याच्या मधोमध, जिथे इतर गाड्यांत ड्रायव्हर असतो तिथे. पुढचं दिसायचं ते मला.

पामर्स्टन नॉर्थच्या सिग्नलला लोक वळून वळून बघायचे. साडी नेसलेली म्हातारी दोन्ही हातांनी मेथी निवडतेय आणि गाडी आपली चालली आहे! एकदा फार हळू चाललो म्हणून पोलिसाने बाजूला घेतलं. तो सरळ माझ्या खिडकीशी आला, “किया ओरा” असा इथला माओरी नमस्कार केला आणि माझ्यापुढे स्टिअरिंग शोधायला लागला. मी मेथीच्या जुडीनेच पलीकडे खूण केली. तिकडून भाऊजी हात वर करून, “सॉरी, सॉरी.”

ते हात वर करणं तर ओळखीच्या सगळ्यांना पाठ होतं. हॉस्पिटलातल्या औषधांच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. आमचे हेही त्याच हॉस्पिटलात नोकरीला होते, तेव्हापासूनची ओळख. रांग लांबली की भाऊजी तिथेही असाच हात वर करायचे. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा झालेला त्यांना सोसायचाच नाही. आणि अशा माणसाने गाडी घेतली ती चढावर धापा टाकणारी!

माझी लेक डोंगरापलीकडच्या गावात राहते. दर गुरुवारी मी तिच्याकडे जायची. मला गाडी येत नाही. भाऊजींना त्याच गावात जुन्या गाड्यांच्या भंगारात हिंडायचं असायचं, म्हणून त्यांच्याबरोबर. शहर सुटलं की पवनचक्क्यांचा डोंगर सुरू होतो. चढ लागला की आमची गाडी बैलगाडी व्हायची. मागे टँकर, मेंढ्यांचे ट्रक, शाळेची बस, वरातच निघायची म्हणा ना. चढाच्या मध्यावर डाव्या हाताला थोडी रुंद जागा आहे, हळू जाणाऱ्यांनी बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी म्हणून केलेली. तिथे दर वेळी थांबायचं. एकेक वाहन जायचं आणि भाऊजी प्रत्येकाला हात करायचे. कान लाल झालेले असायचे.

“वहिनी, एकदा तरी न थांबता वर जायचंय,” ते म्हणायचे. “बाकी काही मागणं नाही या गाडीकडे.”

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे सिस्टर म्हणतो. वॉर्डात नर्स होत्या त्या. त्या गाडीत पाय ठेवायच्या नाहीत. “ताई, आयुष्यभर अत्यवस्थ लोक सांभाळले मी. आता रिटायर झालेय,” असं मला म्हणाल्या होत्या. घरातला पैसा गाडीला लावायचा नाही, असा त्यांनी भाऊजींकडून शब्दही घेतला होता. भाऊजींनी तो पाळला. फिजोआच्या दिवसांत इथे झाडाखाली फळांचा नुसता सडा पडतो आणि लोक पिशव्या भरभरून फुकट देतात. भाऊजी त्याची गोड-तिखट चटणी करून रविवारच्या बाजारात विकायचे. त्या पैशांतून गाडीचं औषधपाणी. एका हंगामात स्पार्क प्लग आले, पुढच्या हंगामात त्यांच्या वायरी. चटणीला थोडा पेट्रोलचा वास येतो, असं सिस्टर म्हणायच्या. मला कधी आला नाही, पण मी शपथ घेणार नाही.

मी विचारलं होतं, “भाऊजी, एकदाच सगळं का नाही बदलून टाकत?”

“छे छे. एका वेळी एकच औषध,” ते म्हणाले. “चार गोळ्या एकदम दिल्या आणि ताप उतरला, तर गुण कुणाचा म्हणायचा?”

म्हणून एका गुरुवारी फक्त हवेची जाळी साफ केलेली. चढ चढायचा, थांबायचं, हात करायचा. पुढच्या गुरुवारी टायरमधली हवा. मग कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात तो भाग, तो सगळा सुटा करून जुन्या टूथब्रशने घासलेला. कुठेतरी रबरी नळीतून हवा गळते असा संशय आला, तर ती फुसफूस ऐकायला सिस्टरचा स्टेथोस्कोप कपाटातून पळवला. सिस्टर अंगणात आल्या, तर नवरा बॉनेटमध्ये वाकून इंजिनाची छाती तपासतोय. “नाडी लागतेय का?” त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, “शूऽऽ.” नळी खरंच चिरलेली निघाली, बदलली. चढावर थोडा फरक पडला. “सुधारणा आहे,” भाऊजी म्हणाले. आणि आम्ही त्याच जागी थांबलो.

डिकीत तर अर्धी गाडी आणखी होती. लागलंच वाटेत तर असावं म्हणून जुने पंप, पट्टे, लोखंडाचे तुकडे. पुण्याचा माणूस, टाकवत काही नाही. मी म्हटलं, “अहो, हे ओझं तरी उतरवा.” फार जिवावर आलं, पण उतरवलं. पुन्हा सुधारणा. पुन्हा थांबलो.

मग त्यांची पंचाहत्तरी जवळ आली. त्या वयाला इथे लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो. त्या सुमारास पाटीवरची नावं ते मला वाचायला सांगायचे. मी काही बोलले नव्हते, पण त्यांनाच ठाऊक होतं. एका गुरुवारी त्या जागेवर थांबलेलो असताना म्हणाले, “डोळ्यांचा डॉक्टर या वेळी नाही म्हणणार, वहिनी. थोडेच चढ राहिले आता.” एवढंच. पुढच्या टँकरला त्यांनी हात केला.

त्यानंतरच्या रविवारी मी चटणीसाठी रिकाम्या बाटल्या द्यायला गेले होते. भाऊजी बॉनेट उघडून खिन्न उभे. म्हणाले, “सगळी औषधं झाली. एकच तपासणी राहिलीय, पण तिला दोघं लागतात. एकाने पेट्रोलचा पेडल तळापर्यंत दाबायचा, दुसऱ्याने इथे कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का ते बघायचं. मी हाताने उघडून पाहिलीय, उघडते व्यवस्थित. पण नियम म्हणजे नियम.”

मी पुढे होणार तेवढ्यात मागून आवाज आला, “ताई, तुमचा गुडघा दुखतोय. मी बसते. पण इंजिन बंद हवं.”

सिस्टर! घरातल्या चपलांनिशी त्या गाडीत चढल्या आणि स्टिअरिंगमागे अशा बसल्या जशा वॉर्डात खुर्चीवर बसत असतील.

“दाबलं?”

“दाबलं.”

“पूर्ण दाब गं. झडप अर्धीच उघडलीय.”

“अहो, पूर्णच दाबतेय! खाली काहीतरी जाडजूड आहे. पेडल त्याच्यावरच टेकतोय.” वाकून त्यांनी खाली हात घातला आणि ओढून काढला गालिच्याचा एक तुकडा. त्याच्याखाली आणखी एक. घरात नवा गालिचा घातला तेव्हाचा जुना. पायांना गार लागतं म्हणून भाऊजींनी गाडीत दुहेरी अंथरला होता, अगदी मापात कापून.

सिस्टरनी तो तुकडा खिडकीतून बाहेर धरला. “हा ओळखीचा वाटतोय. टाकून द्या म्हटलं होतं ना मी?”

भाऊजींनी बॉनेटमागून हात वर केला. “सॉरी, सॉरी.”

आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारचा गोरा माणूस कुंपणावरून डोकावला. काय झालं ते ऐकून म्हणाला, “स्वीट ॲज, मेट!” म्हणजे एकदम झकास, आणि जाताना चटणीची एक बाटली घेऊन गेला.

त्या गुरुवारी सिस्टर आमच्याबरोबर आल्या. त्या गाड्यांची पुढची सीट सोफ्यासारखी सलग असते. डावीकडे भाऊजी, मध्ये सिस्टर पर्स घट्ट धरून, उजवीकडे मी. चढाच्या पायथ्याशीच मागे एक टँकर लागला, त्याच्यामागे आणखी तीन-चार गाड्या. भाऊजींनी पेडल दाबला. काय सांगू तुम्हाला, गाडीने अंग असं उचललं की माझ्या मांडीवरची मेथी खाली सांडली. “अहो, सांभाळून!” सिस्टर ओरडल्या, पण हसतही होत्या. मी मागे वळून पाहिलं. टँकर लहान लहान होत वळणाआड गेला.

ती रुंद जागा आली. आणि भाऊजींनी गाडी डावीकडे घेऊन तिथे उभी केली.

“आता का थांबलात?” सिस्टर म्हणाल्या. “मागे कुणी नाहीये!”

“येतील ना,” भाऊजी म्हणाले. “इतके दिवस गाडी थांबवायची. आज मी थांबलोय.”

आम्ही वाट बघत बसलो. वर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. थोड्या वेळाने टँकर आला, मागोमाग बाकीचे. भाऊजींनी एकेकाला हात केला. टँकरवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. त्या दिवशी भाऊजींचे कान लाल नव्हते.

डॉक्टरांनी नाहीच म्हटलं. मग सिस्टर चालवायला लागल्या आणि भाऊजी मध्ये बसायला लागले. सूचना इतक्या द्यायचे की सिस्टर म्हणायच्या, “पेशंटने गप्प बसावं.” गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

गाडी सिस्टरनी विकली नाही. गुरुवारी आम्ही दोघी जातो, सीटच्या दोन टोकांना बसून. मधल्या जागेवर गालिच्याचा तो तुकडा घडी करून ठेवलेला असतो. माझी मेथी आता त्याच्यावर.

परवा चढाच्या मध्यावर सिस्टरनी गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. मी मान काढून मागे पाहिलं. खालपर्यंत रस्ता रिकामा होता.

“सिस्टर, कुणी नाहीये मागे.”

“येतील,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीची काच खाली केली.