उरलेली पावडर

वारज्याहून कारखान्यात पोचेपर्यंतच माझा निम्मा जीव जातो. त्या दिवशी पोचले, तर साहेब चाचणीचा कागद हातात घेऊन खुशीत उभे. हाडाला बसवायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या आम्ही पावडर दाबून, भट्टीत भाजून करतो. या खेपेच्या नमुन्याची ताकद नेहमीपेक्षा जास्त आली होती.

मी शेजारचा आकडा पाहिला. चांगलं टायटॅनियम ओढलं की आधी लांबतं, बारीक होतं आणि मग तुटतं. हा नमुना जेमतेम लांबला होता आणि खडूसारखा कट्‌कन तुटला होता. धातूत ऑक्सिजन जास्त शिरला की असंच होतं. ताकद वाढते, पण धातू ठिसूळ होतो.

"ताकद वाढली, मग तक्रार कसली?" साहेबांनी विचारलं.

"पट्टी मोडल्यावर पेशंटला हाच कागद दाखवा," मी म्हणाले.

अख्खी खेप रद्द झाली. कुणामुळे, ते मला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं.

साच्यात पावडर भरणारे आमचे ऑपरेटर जुने. पूर्वी आम्ही दोघं लोखंडाच्या पावडरीवर होतो. साच्याभोवती सांडलेली, उरलेली पावडर चाळून पुन्हा नव्यात मिसळायची, हे मीच त्यांना शिकवलं होतं. लोखंडाला ते चालतं, हायड्रोजनच्या भट्टीत त्याचा ऑक्सिजन निघून जातो. टायटॅनियम मात्र हवेतून एकदा घेतलेला ऑक्सिजन सोडत नाही. हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. कामाच्या रगाड्यात विसरले, दुसरं काही नाही.

"उरलेली चाळून घातली का?" मी त्यांना विचारलं.

"व्हय. टाकायची कशाला? तुम्हीच म्हणायचा की." मग माझा चेहरा बघून त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, "माझं नाव लिवा, मॅडम. दोन म्हैन्यांनी मी घरीच बसणार हाय. तुमाला अजून हितं राहायचंय."

मी नको म्हणायला हवं होतं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कारणाच्या रकान्यात मी 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली सही केली.

"जावा आता घरी," कागद माझ्या हातात देत ते म्हणाले. "लई दमलाय तुमी."