बाबांच्या घड्याळातला रविवार

आई वारल्यावर मी बाबांना नागपूरहून पुण्यात धायरीला, माझ्या फ्लॅटवर आणलं. त्यांची स्मृती तोवर विरत चालली होती. आई माहेरी गेलीय आणि रविवारी परत येणार, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. मी ऑफिसला निघाले की दारापाशी विचारायचे, "आज वार कोणता?" तासाभरात फोन करून पुन्हा तेच.

माझं काम छोट्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्याचं. म्हटलं, मोठ्या अक्षरांत वार दाखवणारं घड्याळ आपणच करू. घरात पडलेली चिप जुनी, तारखांचा तयार कोड तिच्यात मावेना. स्वतःच लिहायला बसले. वर्ष मार्चपासून सुरू धरलं, की लीप वर्षाचा जादा दिवस आपोआप शेवटी जातो. महिन्यांचा तक्ता लागत नाही, थोडा गुणाकार-भागाकार पुरतो. एकूण दिवसांना सातने भागलं की उरेल त्या बाकीवरून वार कळतो. सगळं मूठभर ओळींत बसलं. इतकं नेटकं काम मी ऑफिसातही क्वचितच केलं असेल. घड्याळ भिंतीवर लागलं आणि बाबांचे फोन थांबले. मी खूश.

रविवारी उठून बाहेर आले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून दाराजवळ खुर्चीत बसलेले. दार सताड उघडं.

"आज रविवार. येईल ती."

जेवायलाही उठेनात. लिफ्ट वाजली की मान वर करायचे. संध्याकाळी म्हणाले, "काहून नाही आली ती?"

मला खोटं सुचलं नाही. "बाबा, आई वारली."

"कधी?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले.

पुढच्या रविवारीही तेच झालं. मग मी घड्याळ उतरवलं आणि वाराच्या ओळी पुसून टाकल्या. नुसती वेळ ठेवली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न पुन्हा सुरू झाला.

"शनिवार, बाबा."

"म्हणजे उद्या."

"हो, उद्या."

मग ते निवांत चहा प्यायचे. पुढे थंडी पडेपर्यंत आमच्या घरी रोज शनिवारच होता.

बाबा वारले त्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांनी नर्सला वार विचारला. "बुधवार, आजोबा," ती सहज म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"शनिवार आहे, पोरी," ते तिला समजावत म्हणाले.