दस्तीखालचा हात

बिडी सोडल्यावर माणसाची झोप उडते, असं मला सांगितलं होतं. माझं उलटंच झालं. मी चालता चालता झोपेत असायचो. हिवाळ्याचे दिवस. सकाळी हरभऱ्याच्या शेतावर धुकं बसलेलं असायचं आणि ते माझ्याच तोंडातून निघालंय असं वाटायचं. बांधावर उभा राहून मी ते आत ओढून पाहायचो. गार, ओलं, बिनचवीचं. छातीला काही लागायचं नाही.

दुपारी डोळा लागला की स्वप्नात बिडी यायची. मी एका भरल्या विहिरीच्या काठावर बसलेला आणि धूर पाण्यावरून हळूहळू पलीकडे चाललेला. जाग आली की दचकून बोटं हुंगायचो. बोटांना साबणाचा वास यायचा आणि राग मस्तकात जायचा. चहा फिका, भाजी खारट, दार आपटणारा वारासुद्धा माझ्यावर डूख धरून आहे असं वाटायचं. बायको एक दिवस म्हणाली, "आवं, काल मिठाला नाव ठिवलं, आज चहाला. उद्या मलाबी बाजारात नेऊन बांधाल."

बाजार म्हणजे टेंभुर्णीचा. मी बैलांचा दलाल. बापाकडे दावं होतं, बैल नव्हता. पुढचं सगळं मी माझ्या जिभेवर आणि बोटांवर कमावलं. बोटांवर म्हणतो, कारण आमचा सौदा बोलून होत नाही. दोघं दस्तीखाली, म्हणजे खांद्यावरच्या रुमालाखाली, हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. वर तोंडं गप्प, नजर बैलाच्या शिंगांवर. हात घामेजला तर माणूस गरजू समजतात. हात थरथरला तर समोरचा लगेच भाव पाडतो.

आणि बिडी सुटल्यापासून माझा हात थरथरत होता.

सोडण्याचं कारणही बाजारातच घडलं होतं. गिऱ्हाइकाला जोडी पळवून दाखवताना मी मध्येच थांबलो, वाकलो, श्वास वर येईना. डॉक्टरांनी सांगितलं, बिडी ठेवा नाहीतर बैलांमागे पळणं ठेवा. मी पळणंच सोडलं असतं. पण मला तसं वाकलेलं माझ्या जुन्या भागीदाराने पाहिलं होतं. आम्ही वर्षानुवर्षं एका काडीवर दोन बिड्या पेटवल्या होत्या. मग वेगळे झालो. आणि आता त्याने बाजारभर सांगितलं, "त्याच्यात आता दम न्हाई." माझे दोन शेतकरी त्यानंतर त्याच्या दावणीला गेले. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

मागच्या बाजारात माझ्या थरथरत्या हाताने एक सौदा पडत्या भावात गेला होता. असाच आणखी एक गेला असता तर कोणी मला कासरा धरायला दिला नसता. आणि या खेपेला एका म्हाताऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या जोडीला गिऱ्हाईक आणलं ते नेमकं त्या भागीदाराने.

ऊन कोवळं होतं. खुरांची धूळ कंबरेइतकी उठून तिथेच तरंगत होती. बैल, माणसं, झाडं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ चाललं होतं. मी दस्ती टाकली. त्याने हात धरला. माझी बोटं त्याच्या मुठीत पाखरासारखी फडफडली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"थंडी लई हाय आज," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"सौदा कर. हवापाणी मंग बोलू," मी गुरकावलो.

त्याने दस्तीखाली दुसरा हात घातला आणि माझं मनगट घट्ट धरलं. थरथर थांबली. मग भाव सांगितला. मी नाकारला. त्याने वाढवला, मी पुन्हा नाकारला. मनगट मात्र त्याने सोडलं नाही. जोडी मी मनात धरलेल्या भावाला गेली.

सौदा झाला की दोन्ही दलालांनी एका काडीवर बिडी ओढायची, ही आमच्याकडची रीत. त्याने बंडल पुढे केलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, कान गरम झाले.

"घ्या की," गर्दीतला एक जण हसला. "न्हाईतर सौदा कच्चा ऱ्हायचा!"

"कच्चा राह्यला तर जोडी तुझ्या दारात बांधतो, चारा घाल," मी म्हणालो. माणसं हसली. मी बिडी घेतली नाही. काडेपेटी घेतली आणि त्याची बिडी पेटवायला काडी ओढली. ज्योत हलत होती. तो तोंड वाकवून तिच्यामागे फिरला आणि शेवटी बिडी पेटली.

"मीबी सोडली व्हती एकदा," धूर बाजूला सोडत तो हळूच म्हणाला. "हात थांबला न्हाई म्हणून परत धरली. तू नको धरू."

माझ्या नावाने जे बोलला ते त्याने परत घेतलं नव्हतं, आणि मी माफही केलं नव्हतं. धूर माझ्याकडे यायला लागला. मी बैलाच्या पलीकडे गेलो आणि त्याच्या मानेवर गाल टेकला. कडब्याचा, घामाचा, उन्हाचा वास आला. किती तरी वर्षांनी तो असा सुटा सुटा कळत होता. पलीकडे भागीदार खोकत होता. मी तसाच, डोळे मिटून, त्याची बिडी संपायची वाट पाहत राहिलो.