लाईनमामांची शिट्टी

लाईनमामांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर त्यांचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. वीज गेली की 'लाईन गेली' हे सगळेच म्हणतात. मामांचं पोट बिघडलं की पोटातलीही लाईनच बिघडायची. एखाद्या पोराला नोकरी मिळाली की तो लाईनीला लागला. दारू प्यायला लागला की त्याची लाईन तुटली. मुलगी बघून आलेल्या माणसाला ते घराणं कसं आहे असं विचारत नसत. "लाईन कशी हाय?" एवढंच विचारत, आणि समोरच्यालाही ते बरोबर कळायचं.

पण त्यांची खरी लाईन म्हणजे पाथर्डीच्या स्टँडबाहेर लिंबाखाली उभी राहणारी जीपगाड्यांची रांग. एसटी कमी, दुष्काळाची वर्षं, कामाच्या शोधात नगरला जाणारी माणसं फार. मामा पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होते. करंजीच्या घाटात अपघात होऊन पाय अधू झाला, तेव्हा जीपवाल्यांनीच त्यांना शिट्टी देऊन तिथं बसवलं. आलेल्या क्रमानं गाडी लावायची. पुढची भरून सुटल्याशिवाय मागच्यानं एकही माणूस घ्यायचा नाही. मामांची शिट्टी झाली की गाडी हलायची, त्याआधी नाही.

मी हमाली करून वर आलेला माणूस. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप भाव पाडून घेतली आणि बाजारच्या दिवशीच पाथर्डीला आणून उभी केली. मामांना चहा पाजला आणि सौदा मांडला. बाजारच्या दिवशी मला पहिला नंबर द्या, बाकीचे सगळे दिवस मी शेवटी उभा राहतो. सौदा दोन्हीकडून चोख होता, असं मी आजही म्हणतो. मामांनी चहा संपवला, टपरीवाल्याला हाक मारून स्वतःच्या खर्चानं मला दुसरा चहा दिला आणि म्हणाले, "चहाची फिटंफाट झाली. आता गाडी माघारी लाव, व्यापारी."

तेव्हापासून सगळं स्टँड मला व्यापारी म्हणायला लागलं. माझा आवाज मूळचाच मोठा, त्यात राग नाकावर. मामांशी माझं भांडण झालं नाही असा दिवस क्वचितच गेला. मी तावातावानं बोलत असताना ते मध्येच शिट्टी मारायचे. पुढची गाडी सुटायची आणि ते शांतपणे म्हणायचे, "हं, बोल. कुठवर आल्तास?"

एकदा त्यांचा जावई नेवाशाहून नवीन घेतलेली जीप घेऊन आला. आता लाईन मोडते की नाही हे बघायला आम्ही सगळे चहा सोडून उभे राहिलो. मामांनी उठून पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. टोपी काढून, झटकून पुन्हा घातली, पेढे मागवले, लेकीची विचारपूस केली. पाहुणचार यथासांग झाला आणि मग जावयाला सगळ्यात मागे उभं केलं. तो फुगून बसला तेव्हा मामा म्हणाले, "जावई तुमी घरात. हितं तुमी पाचवी गाडी." त्या दसऱ्याला लेक माहेरी आली नाही. मामा सणाच्या दिवशीही लिंबाखालीच बसून राहिले.

पुढे त्यांची तब्येत ढासळली. राग विसरून तोच जावई त्यांना न्यायला आला. शिट्टी कुणाला द्यायची हा प्रश्न माझ्या दृष्टीनं नव्हताच. पोलीस आला की बोलायला मी, नवा जीपवाला दांडगाई करायला लागला की आवरायला मी. मामांनी शिट्टी बाबूला दिली. बाबू म्हणजे दिवसभरात चार शब्द न बोलणारा, माझ्या मागे गाडी लावणारा माणूस.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्यात काय कमी आहे, मामा?"

"कमी न्हाई, जास्त हाय. शिट्टी घेऊन बसलास तर मग भांडाय कोनाकडं जाशील? दोन दिसांत ताप यील तुला."

लोक हसले. मी नाही हसलो.

"तुजी लाईन निराळी हाय," ते जीपमध्ये चढता चढता म्हणाले. "ट्रक घे."

मी रागानं जीप विकली आणि खरंच ट्रक घेतला. धंदा चांगला झाला. पण त्यांच्या सल्ल्यानं झाला असं कुणी म्हटलं, तर मला अजून चीड येते. मला शिट्टी हवी होती, सल्ला नव्हे.

मामा गेले तेव्हा त्यांना पाथर्डीला आणलं. स्टँडवरून अंत्ययात्रा निघायची होती. पहिल्या जीपमध्ये मामा, मागे सगळ्या गाड्या आल्या तशा लागलेल्या. मी ट्रक धुऊन, हार घालून आणला होता आणि सरळ मामांच्या मागे घुसवला. बाबू लिंबाखालून उठून आला. म्हणाला, "व्यापारी, माघारी."

मी भांडलो. मेलेल्या माणसासमोर, चारचौघांत, पूर्वीच्याच आवाजात भांडलो. मामांसाठी सगळ्यात मोठी गाडी मी आणली आहे, ती मागे का, म्हणून विचारलं. बाबू शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मी ट्रक मागे घेईपर्यंत त्यानं ती वाजवली नाही. मामांची गाडीसुद्धा तोवर तशीच उभी होती.

शिट्टी माझ्या हातात असती, तर त्या दिवशी माझा ट्रक पुढे गेला असता.