मागल्याला आधी सांगायचं

"मागल्याला आदी सांगायचं, मंग थांबायचं." हे आमच्या ड्रायव्हर दादांचं ठरलेलं वाक्य. ब्रेक लावण्याआधी ते पेडलवर पायानं दोनदा हलकेच टकटक करायचे, म्हणजे मागचे लाल दिवे लुकलुकतात आणि मागचा सावध होतो. घाटातल्या जुन्या ट्रकवाल्यांना तुम्हीही असं करताना पाहिलं असेल.

आमच्या चाकणच्या चाचणी-ट्रॅकवर नेमकी हीच सवय नडली. एकामागे एक दोन ट्रक, मध्ये जेमतेम एका रिक्षाइतकी जागा. पुढचा दादा चालवायचे. मागचा आपला आपण चालायचा. दादांनी ब्रेक दाबला की त्याला बिनतारी निरोप यायचा आणि त्याचेही ब्रेक लागायचे. त्या मागच्या ट्रकात मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. दादांनी टकटक केली की आम्हाला दोन गचके, आणि सीटबेल्ट माझ्या पोटात.

"अहो दादा, जीव घेता का माझा? मशीनला सांगावं लागत नाही!" मी वॉकीटॉकीवर ओरडायचे.

"व्हय ताई, चुकलं. पण पायाला सवय हाय, त्येला काय करू?"

शेवटी साहेबांनी बजावलं, चाचणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर टकटक झाली तर पुढे दुसरा ड्रायव्हर बसेल. भोसरीतली शेती गेल्यापासून दादांचं सगळं सुख त्या सीटवर होतं. ते इरेला पेटले. डबा खाताना टेबलाखाली पाय दाबून बघायचे. घरी जाताना मोटरसायकलवरही तोच सराव. "आता एकदाच दाबतो बगा," असं मला कौतुकानं सांगायचे.

पाहुणे आले त्या दिवशी कुंपणाखालून कुत्रं थेट ट्रॅकवर घुसलं. मला ते दिसलंच नाही. मला दिसत होती फक्त दादांच्या ट्रकची मागची फळी. एकदम लाल दिवे लागले, फळी अंगावर आली, मी "आई गं!" म्हणून डोळे मिटले. उघडले तर दोन्ही ट्रक उभे, कुत्रं पलीकडे. टकटक नाही. टाळ्या पडल्या.

"दादा, जिंकलंत!" मी धावत जाऊन म्हणाले. ते नुसते हसले.

पुढच्याच आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या मोटरसायकलसमोर खड्डा आला. त्यांनी ब्रेक दाबला, एकदाच, कचकचून. मागून टेम्पो येत होता.

उजवा पाय गेला. दवाखान्यात मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "टेम्पोवाल्याला बोल लावू नका, ताई. मागल्याला सांगायचं राहिलं." मला रडू आवरेना.

पुढच्या ट्रकात आता दुसरा ड्रायव्हर असतो. तो ब्रेक एकदाच दाबतो. आणि संध्याकाळी भोसरीच्या सिग्नलला मी स्कूटरचा ब्रेक आधी दोनदा हलकेच दाबते, मग थांबते.