ॲल्युमिनियम क्लोराइडवरची लाल फुली

हांडे सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती घोडेगावच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या पहिल्याच तासाला. "ज्यात हायड्रोजनच नाही, ते आम्ल कसं?" असं मी विचारलं आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. इलेक्ट्रॉनची जोडी घेतं ते लुईस आम्ल, देतं ते लुईस आम्लारी, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. बोरॉन ट्रायफ्लोराइडला अमोनिया आपली जोडी कसा देतो, तेही शांतपणे दाखवलं. सरांचं अक्षर मात्र असं, की फळ्यावरून कोंबडी चालून गेली असावी. आज आपण त्यांची पंचाहत्तरी साजरी करतोय, तरी ते सुधारलेलं नाही!

त्याच पावसाळ्यात चाचणी झाली. ॲल्युमिनियम क्लोराइडचे दोन रेणू जुळतात, तेव्हा एकातला क्लोरीन जोडी देतो आणि दुसऱ्यातला ॲल्युमिनियम घेतो. म्हणजे एकच संयुग आम्लही आणि आम्लारीही, असं मी लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि तेवढ्या गुणांनी मी नापास झाले. आमच्या आबांनी आधीच बजावलं होतं, "पास झालीस तर कालेज, न्हाई तर शेत." मी गावी, तळेघरला परतून भातलावणीला उभी राहिले. फार रडू यायचं, पण सांगणार कोणाला?

आठव्या दिवशी सर आमच्या बांधावर! पावसामुळे एसटी गावाच्या बरीच अलीकडे थांबली होती, म्हणून बूट हातात घेऊन चिखलातून चालत आले होते.

"पोरीनं कायतरी केलं का, सर?" आबा घाबरले.

"तिनं न्हाई, मी केलं. बरोबर उत्तराला फुली मारली. पोरगी पास हाये. वर्गातबी सांगितलंय तसं."

"आन त्याच्यासाठी एवढं चालत आलात व्हय? निरोप धाडायचा."

"चूक माझी आन पायपीट दुसऱ्याची? जमायचं न्हाई."

आबांनी माझ्या हातातली रोपांची जुडी काढून घेतली. "जा, दप्तर घे. लावणीचं आमी बघतो."

आज मी आळे गावात रसायनशास्त्र शिकवते, ते केवळ सरांमुळे. गेल्या महिन्यात एका मुलीचं बरोबर उत्तर मीही चूक ठरवलं. भर वर्गात "माझं चुकलं" म्हणताना सरांच्या हातातले बूट आठवले.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. माझी तर ती गरजच आहे. चुकलं म्हणायचं धैर्य मला अजून त्यांच्याकडे बघूनच येतं.